इलिओस्टॉमीच्या शस्त्रक्रियेनंतर पाळी थांबली आहे. किती वाट पाहावी?

पारिजात, इंदूर (१६ मार्च)

सर्वांना नमस्कार. माझे वय २९ वर्षे आहे. लग्नाला तीन वर्षे झाली असून अजून मूल नाही. गेली सहा वर्षे मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार होता. दिवाळीनंतर तो इतका बळावला की दिवसातून वीस-वीस वेळा रक्तासह शौचास होऊ लागले, शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडचाही उपयोग झाला नाही आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तातडीने शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढावे लागले. गुदाशय, म्हणजे गुदद्वाराजवळचा शेवटचा भाग, आत तसाच ठेवला आहे, लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढले आहे (यालाच इलिओस्टॉमी म्हणतात) आणि त्यावर पिशवी असते. पिशवीची सवय हळूहळू होत आहे. माझा प्रश्न पाळीबद्दल आहे.

आजार बळावण्यापूर्वी माझी पाळी २८ ते ३० दिवसांनी नेमाने येत असे. शेवटची पाळी शस्त्रक्रियेच्या आधी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. डिसेंबर आणि जानेवारी कोरडे गेले. फेब्रुवारीच्या मध्यास दोन दिवस पॅडवर थोडे लालसर-तपकिरी डाग दिसले, तेव्हा पाळी आली असे समजून मला आनंदाने रडू आले. पण तिसऱ्या दिवशी काहीच नव्हते आणि आजपर्यंत पुन्हा काही नाही. गर्भधारणेची घरगुती चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा ती नकारात्मक आली. माझे वजन ५४ किलोवरून ४३ वर गेले होते, ते आता ४७ झाले आहे.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मी एकदा विचारले होते. त्यांनी आधी तब्येत सुधारू द्या, पाळी आपोआप येईल, असे सांगितले. ते चांगले डॉक्टर आहेत आणि त्यांच्यामुळे मी जिवंत आहे, परंतु त्यांच्यासमोर हिंदीतून ‘माहवारी’ हा शब्द उच्चारतानाच माझा धीर सुटला आणि पुढचे काहीच विचारता आले नाही. घरी सासूबाई समजूतदार आहेत. मात्र नात्यातल्या एका वयस्कर बाईंनी, पोट कापल्यावर पाळी गेली म्हणजे आता मूलबाळाची आशा धरू नये, असे माझ्यासमोरच बोलून दाखवले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

आतड्याच्या शस्त्रक्रियेने पाळी थांबू शकते का, किती दिवस वाट पाहणे योग्य आहे, आणि पाळी पुन्हा सुरू झाली तर त्या दिवसांत पिशवीवर काही परिणाम होतो का, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

ओंजळ, इंदूर (१७ मार्च)

पारिजात, आपल्यासारखीच शस्त्रक्रिया माझ्यावर नऊ वर्षांपूर्वी झाली, तेव्हा मी ३१ वर्षांची होते. माझी पाळी पाचव्या महिन्यात परत आली. पहिल्या दोन पाळ्या अगदी कमी होत्या, मधले अंतरही दीड-दीड महिन्याचे होते, आणि वर्षभरात सर्व पूर्ववत झाले. म्हणून आतडे काढल्याने पाळी कायमची जाते हे त्या बाईंचे बोलणे आपण मनातून काढून टाकावे. आपले गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय जागच्या जागी आहेत. त्यांना कोणी हात लावलेला नाही.

पाळी परतल्यावर पिशवीचे काय होते, यावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मला हे कोणी सांगितले नव्हते आणि शिकायला दोन वर्षे लागली. पहिल्या वर्षी पिशवीची वही वेगळी होती आणि पाळीच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर होत्या. ज्या दिवशी दोन्ही नोंदी एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहू लागले, त्यानंतर दोन महिन्यांतच कोडे सुटले. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस माझे पोट फुगते, वायू वाढतो आणि पिशवीत येणारा मल घट्ट व कमी होतो. पाळीच्या पहिल्या दिवशी नेमके उलटे घडते. एरवी मी दिवसातून सहा वेळा पिशवी रिकामी करते, त्या दिवशी नऊ-दहा वेळा करावी लागते आणि मल पाण्यासारखा पातळ असतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते ओसरते. पुढे एका डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. गर्भाशयाचे अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांनी गर्भाशय आकुंचन पावते व कळा येतात, आणि तीच द्रव्ये शेजारच्या आतड्यालाही ढवळून काढतात. पाळीत जुलाबासारखे होणे पुष्कळ स्त्रियांना ठाऊक असते. आपल्याकडे पाणी शोषून घेणारे मोठे आतडेच नाही, म्हणून ते सगळे थेट पिशवीत येते.

यातला धोका पाण्याइतकाच मिठाचाही आहे. लहान आतड्यातून बाहेर पडणाऱ्या द्रवात मीठ भरपूर असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वैशाखात, पाळीच्या पहिल्याच दिवशी, मी शितलामाता बाजारात साडीखरेदीला गेले. ऊन चाळिशीच्या वर होते, तहान लागली म्हणून साधे पाणी पीत राहिले आणि दुकानातच चक्कर येऊन पडले. दोन बाटल्या सलाईन लावावे लागले. नुसते पाणी ढोसल्याने मल आणखी पातळ होतो आणि मीठ आणखी जाते, हे मला त्या दिवशी कळले. आता पाळीच्या पहिल्या दिवशी मी सकाळीच ओआरएसचे एक पाकीट मोजून एक लिटर पाण्यात मिसळून ठेवते आणि दिवसभर घोट-घोट पिते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालते, आणि चमचा चहाचा घेते. जेवणात मऊ भात, मीठ घातलेली तांदळाची पेज, पिकलेले केळे, साबुदाण्याची खीर. एकादशीचा साबुदाणा कधी नव्हे तो पाळीत उपयोगी पडतो, कारण त्याने मल घट्ट होतो.

पोटावर चिकटणारी चकती त्या दिवसांत गळते, तेही कारणाशिवाय नाही. पोट फुगले की स्टोमाभोवतीच्या, म्हणजे बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीच्या, कातडीचा बाक बदलतो, कातडी थोडी तेलकटही होते आणि चकतीची कड सुटते. मी पाळीच्या आदल्या दिवशी नवी चकती लावते, लावण्यापूर्वी स्टोमाचे माप पुन्हा घेते आणि पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एका श्रावणात मी सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि वर एक भाजलेला भुट्टाही खाल्ला. रात्री पोटात कळा सुरू झाल्या. पाळीची तारीख जवळ होती, म्हणून त्याच कळा असाव्यात असे समजून गोळी घेऊन पडून राहिले. पहाटेपर्यंत पिशवी कोरडी होती आणि उलट्या सुरू झाल्या होत्या. आतड्यात मक्याचे दाणे अडकले होते. पाळीची कळ ओटीपोटात खाली असते, कंबरेत व मांड्यांत उतरते, आणि त्या वेळी पिशवी चालू असते, उलट जास्तच चालते. अडथळ्याची कळ बेंबीभोवती लाटेसारखी येते, पिशवीत काही उतरत नाही, स्टोमा सुजतो, मळमळ होते. कळा येत असताना चार ते सहा तास पिशवी रिकामी राहिली, तर पाळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निवृत्त परिचारिका, इंदूर (१७ मार्च)

ओंजळ यांनी अनुभवाचे सर्व लिहिले आहे. मी तीस वर्षे शस्त्रक्रिया विभागात काम केले, त्या आधारावर दोन गोष्टी विचारते.

पहिली, फेब्रुवारीतले ते डाग कोठून आले होते? आपला गुदाशय आत आहे. मल त्यातून जात नसला तरी त्याचे अस्तर शेंबडासारखा चिकट स्राव तयार करत राहते आणि तो अधूनमधून गुदद्वारातून बाहेर येतो. कोलायटिसची सूज त्या उरलेल्या भागात राहिली असेल तर त्या स्रावात रक्तही असते. पॅडवर पडल्यावर ते पाळीचे की मागचे, हे ओळखणे कठीण जाते आणि बऱ्याच जणींची फसगत होते. पुन्हा डाग दिसला तर पुढून व मागून वेगवेगळ्या स्वच्छ कापसाने पुसून पाहावे. बुळबुळीत, जेलीसारखे आणि शौचाची भावना होऊन आलेले असेल तर ते बहुधा मागचे. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण ती पाळी नसेल तर आपली पाळी चार महिने बंद आहे, आणि गुदाशयातून रक्त येत असेल तर ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवे.

दुसरी गोष्ट, आपण सध्या कोणकोणती औषधे घेत आहात? घरी सोडताना लिहून दिलेल्या चिठ्ठीतली सर्व नावे, आम्लपित्ताच्या गोळीसकट, लिहावीत. रुग्णालयातून पंधरा दिवसांसाठी दिलेली औषधे लोक सहा-सहा महिने घेत राहतात, कारण ती बंद करा असे कोणी सांगत नाही.

पाळी परत येईल तेव्हा कळांसाठी गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यावासा वाटेल. स्टोमाला वेदनेची जाणीव नसते, त्यामुळे तो भाजला तरी कळत नाही. हे नीट लक्षात ठेवावे. शेक कंबरेला घ्यावा, किंवा टॉवेलची घडी मध्ये ठेवून अगदी खाली ओटीपोटाला घ्यावा. पिशवी पुसताना स्टोमाच्या पृष्ठभागावर रक्ताचा थेंब दिसला तर घाबरू नये, हिरड्यांतून येते तसेच ते असते. आतून वाहून पिशवीत रक्त साठत असेल तर मात्र तातडी समजावी.

आणि त्या वयस्कर बाईंबद्दल. आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत चार दिवस बाजूला बसण्याची पद्धत मी पाहिली आहे. पिशवी असलेल्या मुलीला देवघरात जाऊ न देणारी घरेही पाहिली आहेत. जिने असे आजारपण सोसले, तिला घरात आणखी एक कोपरा दाखवणे मला कधीही पटले नाही. आपल्या सासूबाई समजूतदार आहेत, तर पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्यावे.

पारिजात, इंदूर (१८ मार्च)

आपण दोघींनी इतके मनापासून लिहिलेत, मी फार आभारी आहे. औषधे अशी आहेत : सकाळी उपाशीपोटी रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल, जेवणापूर्वी लोपेरामाइड, लोहाची गोळी आणि कॅल्शियम. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड हळूहळू कमी करत जानेवारीत बंद झाले. ती कॅप्सूल शस्त्रक्रियेनंतर मळमळीसाठी दिली होती. मळमळ कधीच थांबली आहे, पण चिठ्ठीत होती म्हणून मी घेत राहिले. डागांचे नक्की सांगता येत नाही. त्यात थोडा चिकटपणा होता, हे आपण लिहिल्यावर आठवले.

स्त्रीरोगतज्ज्ञ, वडोदरा (१९ मार्च)

मी आपल्याला तपासलेले नाही, त्यामुळे हे निदान समजू नये. आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

पाळी नियमित असलेल्या स्त्रीला तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी करावी, हा आमच्या शास्त्रातला सर्वमान्य नियम आहे. मोठ्या आजारानंतर पाळी थांबणे समजण्यासारखे आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने संकेत पाठवत असतो आणि त्या संकेतांवर अंडाशयांचे काम चालते. अन्न कमी पडले, वजन झपाट्याने उतरले, शरीर तापाशी, सुजेशी किंवा जखमेशी झुंजत असले की हे संकेत मंदावतात, कारण अशा काळात गर्भ पोसणे शरीराला परवडणारे नसते. ११ किलो वजन घटणे आणि स्टिरॉइडचे मोठे डोस यांचा परिणाम म्हणून दोन-तीन महिने पाळी न येणे यात नवल नाही. परंतु आपण आता त्या मर्यादेच्या पुढे गेला आहात, आणि ‘शस्त्रक्रियेमुळे असेल’ एवढ्यावर विषय सोडणे योग्य नाही.

आपल्या यादीतील कॅप्सूलकडे मी विशेष लक्ष वेधते. लेव्होसल्पिराइडने रक्तातील प्रोलॅक्टिन वाढते. बाळंतिणीला दूध येण्यासाठी लागणारे हे संप्रेरक अवेळी वाढले की अंडे तयार होण्याची क्रिया दबते आणि पाळी थांबते; काही स्त्रियांना स्तनांतून दुधासारखा स्रावही येतो. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड या मळमळीवरील औषधांनीही असे होते. शिवाय लेव्होसल्पिराइड आतड्याची हालचाल वाढवते आणि लोपेरामाइड ती कमी करते. सकाळी एक औषध ढकलते आणि जेवणापूर्वी दुसरे अडवते, अशी ही स्थिती आहे. ज्यांनी कॅप्सूल लिहून दिली त्यांना विचारून ती थांबवता येईल का, हे याच आठवड्यात पाहावे.

तपासण्यांमध्ये रक्तातून गर्भधारणेची चाचणी, प्रोलॅक्टिन, थायरॉइडसाठी टीएसएच, अंडाशयांच्या कामासाठी एफएसएच, हिमोग्लोबिन, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन आणि बी-१२ यांचा समावेश असावा, आणि सोनोग्राफी करून गर्भाशयाचे अस्तर पाहावे. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, म्हणून तो भाग किती शिल्लक आहे हे शस्त्रक्रियेच्या कागदावरून पाहून घ्यावे. इतका रक्तस्राव झाल्यानंतर लोह बहुधा फार कमी असेल. तोंडाने घेतलेले लोह सोसत नसेल किंवा पुरत नसेल तर ते शिरेतून देता येते.

पाळी आलेली नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असे मानू नये. पहिली पाळी परत येण्याच्या दोन आठवडे आधी अंडे बाहेर पडते, त्यामुळे सध्याच्या अशक्तपणात गर्भधारणा नको असेल तर काळजी घ्यावी. निरोधसारखे साधन आतड्याच्या शोषणावर अवलंबून नसते. संततिनियमनाच्या गोळ्या लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषल्या जातात, म्हणून इलिओस्टॉमीत त्या सहसा लागू पडतात. परंतु उलट्या होत असतील किंवा पिशवीत दिवसाला दीड लिटरहून अधिक जात असेल तर त्यांच्यावर विसंबता येत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि आतड्याच्या सुजेच्या आजारात व मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो आधीच वाढलेला असतो. हेच कारण पाळी पुढे ढकलण्याच्या नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्यांनाही लागू आहे. गणपती, लग्न, मुंज यांसाठी या गोळ्या औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जातात. हे ज्यांच्या घरी चालते त्यांनी निदान स्टोमा असलेल्या मुलीला त्या परस्पर देऊ नयेत.

ओंजळ यांनी कळांसाठी घेतलेली गोळी कोणती ते लिहिलेले नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे कोलायटिस आणि क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) यांच्या रुग्णांमध्ये शमलेली सूज पुन्हा चाळवू शकतात, आणि पारिजात यांच्या गुदाशयात सूज उरलेली असण्याची शक्यता आहे. त्यांनी पॅरासिटामॉलपासून सुरुवात करावी.

ज्यांची इलिओस्टॉमी आतड्याच्या क्षयामुळे झाली आहे, अशाही स्त्रिया हे वाचत असतील. आपल्या देशात ते दुर्मीळ नाही. क्षय गर्भाशयाच्या अस्तरालाही होऊ शकतो आणि पाळी कमी होणे किंवा बंद होणे हे त्याचे लक्षण असू शकते. क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्या निष्प्रभ होतात, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

मूल होण्याविषयी एवढेच, की आपल्यावर आतापर्यंत झालेली शस्त्रक्रिया मुख्यतः पोटातली आहे, ओटीपोटाच्या खोल भागातली नाही. पुढे कधी गुदाशय काढून आतड्याचीच आतली पिशवी करण्याचा विषय निघाला, तर त्या शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात ऊती चिकटून गर्भनलिका अडण्याची आणि गर्भ राहणे कठीण होण्याची शक्यता वाढते. म्हणून मूल आधी की ती शस्त्रक्रिया आधी, हा प्रश्न दोन्ही डॉक्टरांसमोर, पतीसह, तारीख ठरण्यापूर्वीच मांडावा.

अबोली, ग्वाल्हेर (२१ मार्च)

माझे प्रकरण वेगळे आहे, तरी इथेच लिहिते, कारण शोधत येणारी प्रत्येक स्त्री कोलायटिसचीच असेल असे नाही. गुदाशयाच्या कर्करोगासाठी वयाच्या ३८ व्या वर्षी मला आधी किरणोपचार दिले, नंतर गुदाशय व गुदद्वार काढून डाव्या बाजूला कायमची कोलोस्टॉमी केली, म्हणजे मोठ्या आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढले. किरणोपचार संपता-संपता पाळी थांबली ती परत आली नाही. मी वर्षभर ती येईल म्हणून वाट पाहिली. ओटीपोटावर दिलेले किरण अंडाशयांना निकामी करू शकतात, हे मला आधी कोणी सांगितले नाही. रात्री अंग तापून घामाने चिंब होणे, झोप न लागणे आणि योनीमार्ग कोरडा पडणे या सगळ्याला मी अशक्तपणा समजत होते; ती अकाली आलेली रजोनिवृत्ती होती. आता स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हाडांची तपासणी आणि उपचार चालू आहेत.

ज्या तरुण मुलींचे किरणोपचार अजून सुरू व्हायचे आहेत, त्यांनी पहिल्या दिवसापूर्वी विचारावे, की अंडाशय किरणांच्या वाटेतून वर सरकवून ठेवता येतील का, अंडी गोठवून ठेवण्याइतका वेळ आहे का. उपचार सुरू झाल्यावर हे विचारून उपयोग नसतो.

ज्यांचा गुदाशय काढला आहे पण पाळी चालू आहे, त्यांच्यासाठीही एक सांगते. गुदाशयाची जागा रिकामी झाल्यावर गर्भाशय मागे कलते, त्यामुळे कंबरेतल्या कळा वाढलेल्या जाणवतात, योनीत स्राव साचून उठल्यावर एकदम बाहेर येतो, आणि पूर्वी नीट बसणारा मेन्स्ट्रुअल कप बसेनासा होतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे नवीन दुखणे वाटले होते. गर्भाशयाची बैठक बदलली एवढाच त्याचा अर्थ होता.

पारिजात, इंदूर (२ जून)

लिहायला उशीर झाला, क्षमा करावी. १९ मार्चचे उत्तर वाचून मी सासूबाईंना वाचून दाखवले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी गेलो. या वेळी मी पहिल्याच वाक्यात ‘माहवारी’ म्हणाले आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर सर्वांत वर लिहून घेतले. कॅप्सूल त्यांनी तिथेच बंद केली. स्तनांतून थोडा पांढरा स्राव मला जानेवारीपासून येत होता. मी तो कोणालाही सांगितला नव्हता.

प्रोलॅक्टिन ९६ आले, आमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर त्याची वरची मर्यादा २५ च्या आसपास छापलेली आहे. हिमोग्लोबिन ८.९ होते आणि फेरिटिन ६. लोह शिरेतून दोनदा दिले. थायरॉइड आणि बी-१२ ठीक आहेत. गुदाशयात दुर्बिणीने पाहिले तेव्हा सूज दिसली, म्हणजे फेब्रुवारीतले डाग पाळीचे नव्हतेच. त्यासाठी रात्री मेसालामाइनची गुदद्वारात ठेवायची गोळी सुरू केली आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी महिन्याने प्रोलॅक्टिन पुन्हा तपासले, ते १८ वर आले होते. पाळी कॅप्सूलमुळे अडली होती, रक्त कमी असल्यामुळे की वजनामुळे, हे वेगवेगळे सांगता येणार नाही, तिन्ही मिळूनच असावे, असे त्या म्हणाल्या. वजन आता ५० आहे.

९ मे रोजी पाळी आली. चार दिवस चालली. पहिल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी नऊ वेळा पिशवी रिकामी केली, बाहेर ४१ अंश तापमान होते, पण ओआरएस आणि मीठ घातलेली पेज आधीच तयार होती म्हणून चक्कर आली नाही. त्या रात्री चकती मात्र सुटली आणि चादर बदलावी लागली.

ओंजळताई, आपण पाळीच्या आदल्या दिवशी चकती बदलता असे लिहिले आहे. माझी तारीख अजून बसलेली नाही, पाळी ३० दिवसांनी येईल की ४५ दिवसांनी ते मला माहीत नाही, तर तो आदला दिवस ओळखायचा कसा?

ओंजळ, इंदूर (२ जून)

पारिजात, वाचून डोळे भरून आले. तारीख बसेपर्यंत कालनिर्णयाकडे पाहू नका, पिशवीकडे पाहा. पोट फुगून मल दोन-तीन दिवस घट्ट राहिला आणि एका सकाळी एकदम सैल झाला, तर त्याच वेळी, अंघोळीपूर्वी, कातडी कोरडी असताना चकती बदलून घ्या. माझ्या बाबतीत त्यानंतर बारा ते अठरा तासांत पाळी येते. आपल्या बाबतीत किती तासांत येते ते वहीत लिहून ठेवा, आणि ९ मेच्या आधीच्या चार दिवसांत काय झाले होते ते आठवत असेल तर आजच लिहा.